‘नो डायलटोन’चं कोडं

अमरावतीहून यवतमाळकडे निघालं की वाटेत नांदगाव खंडेश्वर लागतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी तिथल्या एखाद्या घरात कॉम्प्युटर आला, मुलानं पीसीक्वेस्ट मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून त्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घातली आणि इंटरनेट जोडायला बसला, तर पहिल्याच पायरीला एक कोडं पुढ्यात येई. फोन उचलावा तर कानाला टोन स्वच्छ. अमरावतीच्या काकांना फोन लावला तर लागतो, बोलणंही नीट होतं. तीच वायर फोनमधून काढून मोडेमला लावली की मात्र स्क्रीनवर शब्द उमटतात: ‘नो डायलटोन’. म्हणजे टोनच नाही!

लाइन तीच, वायर तीच. मग माणसाला ऐकू येणारा टोन यंत्राला का ऐकू येत नाही?

कारण टोन सगळ्या जगात एकसारखा नसतो. आपल्याकडचा डायलटोन ४०० हर्ट्झचा आहे, आणि तो २५ हर्ट्झच्या लयीत थरथरतो. (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं.) अमेरिकेत ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजतात. माणसाला दोन्हींचा अर्थ एकच कळतो: फोन चालू आहे, नंबर फिरवा. मोडेममधली चिप मात्र तिला नेमून दिलेला सूरच शोधते. ती अमेरिकेच्या बाजारासाठी बसवलेली असेल तर आपल्या टोनला टोन मानतच नाही आणि वाट पाहून ‘नो डायलटोन’ म्हणत फोन ठेवून देते. याच्यावरचा इलाज फक्त चार अक्षरांचा आहे: ‘एटीएक्स३’. अर्थ असा, की टोनची वाट पाहू नको, सरळ नंबर लाव. लिनक्समधल्या डायल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, मोडेमला सुरुवातीला द्यायच्या हुकमांच्या ओळीत, एवढं घातलं की नंबर लागतो.

हे ज्याला ठाऊक नसे तो लिनक्स पुन्हा टाके, मोडेम बदलून आणे, नाहीतर टेलिफोन खात्याकडे तक्रार नोंदवे. लाइनमन येऊन फोन कानाला लावणार आणि म्हणणार, “लाइन तं चांगली आहे भाऊ.” त्याचंही खरंच.

‘लिनक्सवर मोडेम चालत नाही’ ही तक्रारच मुळात अपुरी आहे. विहिरीवरची मोटर पाणी फेकत नाही म्हटल्यावर वऱ्हाडातला शेतकरी लगेच मोटर खोलायला घेत नाही. आधी डीपीवरचा फ्यूज पाहतो, मग स्टार्टर, मग केबल. मोटर फिरते तरी पाणी नाही असं दिसलं तर फुटव्हॉल्व्ह. मोडेमचंही तसंच करायचं. फोनची लाइन, मोडेम, पोर्ट, कॉल, पलीकडच्या मोडेमशी जुळणी आणि शेवटी इंटरनेटची बोलणी, या क्रमानं जायचं. नवशिक्याचा घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो, तो मधूनच कुठूनतरी सुरुवात करतो.

आवाजाच्या वाटेनं अक्षरं

टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी टाकलेली. तिच्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. बोलणं समजायला तेवढा पुरतो. कॉम्प्युटरकडे मात्र आवाज नसतो, शून्य आणि एक यांची रांग असते. ती रांग या अरुंद पट्ट्यात मावणाऱ्या सुरांत बदलायची आणि पलीकडून आलेल्या सुरांची पुन्हा रांग करायची, एवढंच मोडेमचं काम. पहिल्या कामाला मॉड्युलेशन म्हणतात, उलट्या कामाला डिमॉड्युलेशन. दोन्हींची सुरुवातीची अक्षरं जोडून मोडेम.

एक्स्चेंजमध्ये आवाज पोचला की त्याचं सेकंदाला ८००० वेळा मोजमाप होतं आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहिलं जातं. गुणाकार करा: ६४,००० बिट. एका फोन कॉलची कमाल मर्यादा ती. १९९८ साली आलेल्या व्ही-९० या मानकाचा ५६ हजारांचा वेग या मर्यादेच्या अगदी जवळ जाणारा होता, पण त्याला एक अट होती. इंटरनेट पुरवणाऱ्याच्या यंत्रापासून तुमच्या एक्स्चेंजपर्यंतचा सगळा प्रवास डिजिटल हवा. मध्ये कुठे आकड्यांचा पुन्हा आवाज आणि आवाजाचे पुन्हा आकडे झाले, की ५६ हजार विसरायचे.

खेड्यापाड्यांत ही अट नेहमी पाळली जाईच असं नाही. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेनं १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल असं. त्यातलं पहिलं १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसलं, आणि पुढे देशभरातल्या लहान गावांत फोन पोचला तो बराचसा याच यंत्रामुळे. एक्स्चेंज डिजिटल असलं तरी तिथून पुढे जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतची जोडणी कशी आहे यावर सगळं अवलंबून असे. काही गावांचे फोन तर तारेवर नव्हते, रेडिओवर चालत. बोलण्यापुरते ठीक, मोडेमला त्यांचा काही उपयोग नव्हता.

तेव्हा खोक्यावर ५६ लिहिलंय आणि जोडणी २८ किंवा ३१ हजारांवर झाली, तर तो बिघाड नव्हे. ३३,६०० बिटांच्या वेगानं एक मेगाबाइटची फाइल उतरायला चार मिनिटांच्या वर लागतात. ज्यांनी हा वेग वाढवण्याच्या मागे लागून रात्री घालवल्या त्यांची मला दया येते. त्या वेगावर कॉम्प्युटरच्या आतून करण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

आधी लाइन

पावसाळ्यात खांबापासून घरापर्यंतच्या वायरीच्या जोडात पाणी शिरतं आणि फोनमध्ये खरखर सुरू होते. माणूस मोठ्यानं बोलून निभावून नेतो, मोडेमला ते जमत नाही. जोडणी होते आणि दोन मिनिटांत तुटते. म्हणून पहिली तपासणी कानानं करायची: फोन उचलून एक आकडा दाबायचा म्हणजे टोन थांबतो, आणि शांततेत खरखर ऐकू येते का ते पाहायचं. त्याच लाइनवर आतल्या खोलीत दुसरा फोन असेल तर तो काढून ठेवायचा. आईनं तो उचलला की इकडे जोडणी तुटलीच. कॉल वेटिंगची सोय घेतलेली असेल तर तिचा ‘टुक’ आवाजही तेच करतो.

भारनियमनात एक गंमत होई. घरची वीज गेली तरी फोन चालू राही, कारण फोनच्या तारेत एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांचे साधारण ४८ व्होल्ट असतात. कॉम्प्युटर बंद, लाइन जिवंत. वीज कडाडू लागली की मात्र हीच जिवंत तार घातक. मोडेमला एका बाजूनं फोनची तार आणि दुसऱ्या बाजूनं घरची वीज असं दोन्हीकडून भय, त्यामुळे ढग दाटले की वायर काढून ठेवणं हाच खरा उपाय. वीज कोसळल्यानंतर मुकं झालेलं मोडेम लिनक्सच्या कुठल्याच सेटिंगनं बोलत नाही.

पूर्ण मोडेम आणि अर्धं मोडेम

लाइन ठीक असेल तर पुढचा प्रश्न: आपल्याकडे मोडेम आहे का? प्रश्न वेडगळ वाटेल. पण तेव्हा जुळवून विकल्या जाणाऱ्या बहुतेक कॉम्प्युटरांत जे स्वस्तातलं कार्ड बसवलेलं असे ते पूर्ण मोडेम नसायचं. त्याच्यावर फोनची तार जोडण्यापुरते भाग असत. सूर तयार करणं आणि ओळखणं हे खरं काम कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरकडून करून घेतलं जाई. ते करून घेणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, कंपनी फक्त विंडोजसाठी देत असे. म्हणून या कार्डांना ‘विनमोडेम’ असं नाव पडलं. लिनक्सच्या दृष्टीनं तो एक मुका तुकडा होता.

शोधायचं कसं? ‘एलएसपीसीआय’ हा हुकूम दिला की आत बसवलेल्या सगळ्या कार्डांची यादी येते. तिथे ल्युसेंट, कोनेक्झंट, स्मार्टलिंक, पीसीटेल, मोटोरोला असं एखादं नाव दिसलं की समजायचं, काम वाढलं. खोक्यावरच्या कंपनीच्या नावावर जाऊ नये, महत्त्वाची चिप. जगभरच्या हौशी लोकांनी ‘लिनमोडेम्स’ नावाचा उपक्रम चालवून यातल्या अनेक चिपांसाठी ड्रायव्हर जमवले होते, आणि आपल्याकडे कोणती चिप आहे ते सांगणारा ‘स्कॅनमोडेम’ नावाचा छोटा प्रोग्रॅमही दिला होता. कोनेक्झंटच्या चिपांसाठी लिनक्झंट कंपनीचा ड्रायव्हर असे. फुकटात घेतला तर १४,४०० च्या वेगाला अडकवलेला, पूर्ण वेग हवा तर पैसे.

आता खरी पंचाईत. ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट लावायला हवा तो ड्रायव्हर. अमरावतीच्या सायबर कॅफेत जायचं, १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर फाइल उतरवून आणायची, घरी आल्यावर कळायचं की ही फाइल दुसऱ्या कर्नेलसाठी आहे. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. ड्रायव्हर त्याच्या नेमक्या आवृत्तीशी जुळावा लागतो. निघण्याआधी ‘युनेम -आर’ हा हुकूम देऊन आपली आवृत्ती कागदावर लिहून घेतली असती तर एसटीचं भाडं वाचलं असतं. ड्रायव्हर घरीच बांधायचा झाला तर कर्नेलच्या ज्या फाइली लागतात त्या बहुधा लिनक्सच्या सीडीवरच असत, हे मात्र नवख्याला कोणी सांगत नसे.

माझं मत विचाराल तर यात पडूच नये. सीरियल पोर्टला लागणारं, स्वतःचे दिवे आणि स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेलं बाहेरचं मोडेम महाग पडे, पण ते पूर्ण मोडेम असे. त्याला ड्रायव्हर लागत नाही. आणि त्याचे दिवे बघून अर्धं निदान होतं.

पोर्टचा एक आकडा

विंडोजमध्ये मोडेम ‘कॉम १’वर होतं, म्हणून लिनक्समध्ये ‘टीटीवायएस१’ लिहिलं आणि काहीच झालं नाही. असं हमखास होई, कारण लिनक्स शून्यापासून मोजतं. कॉम १ म्हणजे टीटीवायएस०, कॉम २ म्हणजे टीटीवायएस१. एका आकड्याच्या या चुकीपायी किती मोडेमं बदनाम झाली असतील!

दुसरी अडचण परवानगीची. रूट, म्हणजे मुख्य वापरकर्ता, म्हणून बसलं की मोडेम चालतं आणि आपल्या नावानं बसलं की ‘परमिशन डिनाइड’. पोर्ट वापरायची मुभा ठरावीक गटालाच असते: डेबियनमध्ये ‘डायलआउट’, तेव्हाच्या रेड हॅटमध्ये ‘यूयूसीपी’. त्या गटात स्वतःचं नाव घालायचं, बाहेर पडून पुन्हा आत यायचं. पोर्ट ‘बिझी’ आहे असं उत्तर आलं तर बहुधा आधीचा प्रोग्रॅम अर्ध्यात मेलेला असतो आणि त्यानं लावलेली कुलपाची फाइल तशीच राहिलेली असते.

आणखी एक विचित्र खोड जुन्या यंत्रांची. कॉम १ आणि कॉम ३ यांना प्रोसेसरचं लक्ष वेधून घ्यायला एकच वाट दिलेली असे, क्रमांक ४ ची. कॉम २ आणि ४ यांना ३ ची. माउस कॉम १ वर आणि आतलं मोडेम कॉम ३ वर असेल तर नंबर फिरू लागताच माउस जागच्या जागी थिजे. बघणाऱ्याला वाटे, कॉम्प्युटर अडकला.

‘एटी’ म्हणा, ‘ओके’ ऐका

मोडेमशी आपण सरळ बोलू शकतो, हे कळलं की निम्मी भीती जाते. लिनक्समध्ये ‘मिनिकॉम’ उघडायचं, बरोबर पोर्ट द्यायचा आणि ‘एटी’ टाइप करून एंटर दाबायचं. ‘ओके’ आलं तर मोडेम, वायर, पोर्ट आणि परवानगी हे सगळं एका फटक्यात तपासून झालं. काहीच आलं नाही तर पुढे जाऊ नये. दोष इथपर्यंतच कुठेतरी आहे.

ही भाषा अमेरिकेतल्या डेनिस हेज यांच्या कंपनीनं १९८१ साली स्मार्टमोडेमबरोबर आणली. ‘एटी’ म्हणजे लक्ष दे. पुढे ‘झेड’ जोडला तर पूर्वीच्या स्थितीला ये, ‘एच’ जोडला तर फोन ठेव, ‘डीटी’ आणि नंबर जोडला तर तो टोननं फिरव. जुन्या एक्स्चेंजला टोन कळत नसे. तिथे ‘डीटी’ऐवजी ‘डीपी’, म्हणजे चकतीच्या फोनसारखे टक-टक ठोके. ऑफिसात बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य लागत असेल तर शून्यानंतर स्वल्पविराम. प्रत्येक स्वल्पविरामाला मोडेम दोन सेकंद थांबतं. बीएसएनएलच्या संचारनेट या इंटरनेट सेवेचा नंबर १७२२३३ होता, तेव्हा हुकूम होई ‘एटीडीटी १७२२३३’.

ही भाषा मेली नाही. यूएसबीत खोचायची नेटची डोंगल आत याच हुकमांवर चालते, फक्त नंबर ‘*९९#’ असतो. मोबाइलवरून शेतातली मोटर चालू-बंद करणारे जे स्टार्टर आता गावोगाव दिसतात, त्यांतल्या सिमकार्डाच्या मोड्यूललाही ‘एटी’च म्हणावं लागतं. त्याला रेंज विचारायची तर ‘एटी+सीएसक्यू’. ० ते ३१ मध्ये उत्तर येतं, आणि ९९ आलं तर समजायचं, त्याला सांगता येत नाही.

नंबर लागल्यावर मोडेमचा आवाज बंद करू नका. अनेकजण रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून ‘एटीएम०’ देऊन तो दाबून टाकत, आणि मग अंधारात चाचपडत. पलीकडच्या मोडेमनं फोन उचलला की २१०० हर्ट्झचा एकसुरी स्वर येतो. मध्येच त्यात ४५० मिलिसेकंदांच्या अंतरानं छोटा झटका ऐकू येतो. दूरच्या लाइनवर माणसांच्या सोयीसाठी प्रतिध्वनी दाबणारी जी यंत्रणा असते तिला ‘आता बाजूला हो’ असं सांगणारी ती खूण. पुढची किरकिर आणि खरखर म्हणजे दोन्ही मोडेमं लाइन कशी आहे ते अजमावून वेग ठरवतात. हा स्वर आलाच नाही तर पलीकडे कोणी उचललेलं नाही. स्वर आला, किरकिर झाली आणि तरी जोडणी पडली, तर लाइन खराब.

चौकट: मोडेम काय म्हणतंय?

*नो डायलटोन:* फोन कानाला लावून टोन येतो का ते पाहा. येत असेल तर ‘एक्स३’. येत नसेल तर लाइनच बंद, नाहीतर वायर चुकीच्या खाचेत. मोडेमला बहुधा दोन खाचा असतात, लाइनची वेगळी आणि फोनची वेगळी.

*बिझी:* पलीकडच्या सगळ्या लाइनी गुंतल्यात. संध्याकाळी हे नित्याचंच. तुमच्याकडे काही बिघडलेलं नाही.

*नो कॅरिअर:* पलीकडचा स्वर मिळाला नाही किंवा मिळून हरवला. लगेच आलं तर नंबर तपासा, बऱ्याच वेळानं आलं तर लाइन.

*कनेक्ट:* मोडेमचं काम झालं. यापुढची तक्रार मोडेमची नाही.

जोडलं, पण उघडत काहीच नाही

‘कनेक्ट’ दिसल्यावर नवखा सुटकेचा श्वास टाकतो, ब्राउझर उघडतो, आणि पान येत नाही. दोन मोडेमं एकमेकांना सापडली एवढंच आतापर्यंत झालेलं असतं. आता दोन कॉम्प्युटरांना आपसांत ठरवायचं असतं. या बोलण्याच्या रीतीला पीपीपी म्हणतात आणि लिनक्समध्ये ते काम ‘पीपीपीडी’ करतो. आधी जोडणीचे नियम ठरतात, मग नाव आणि पासवर्ड, मग तुमच्या कॉम्प्युटरला इंटरनेटवरचा पत्ता मिळतो. प्रत्येक पायरीची नोंद ‘व्हार/लॉग/मेसेजेस’ या फाइलमध्ये पडते. ती वाचायची सवय लागली की विंडोजवाल्यांच्या ‘एरर ६७८’पेक्षा आपलं बरं, असं वाटू लागतं, निदान यंत्र पूर्ण वाक्यात बोलतं.

त्यातलं एक वाक्य फार फसवं आहे: ‘सीरियल लाइन इज लूप्ड बॅक’. वाटतं, वायरच बिघडली. तसं बहुधा नसतं. पलीकडचा कॉम्प्युटर अजून लॉगिनचं नाव विचारत थांबलेला असतो आणि आपण पाठवलेलं अक्षर जसंच्या तसं परत दाखवत असतो. पीपीपीडीला आपलाच आवाज परत ऐकू येतो. ही पद्धत जुनी. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्लीसारख्या शहरांत लोकांना इंटरनेट खुलं केलं तेव्हा स्वस्तातली ‘शेल’ खाती अशीच असत. नंबर फिरवायचा, लॉगिन टाइप करायचं, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं वाचायची. तिथे पीपीपीचा संबंधच नव्हता. असा अडथळा आला तर ‘डब्ल्यूव्हीडायल’ हा प्रोग्रॅम उपयोगी पडे, कारण पलीकडून लॉगिन विचारलं जातंय की थेट पीपीपी सुरू झालंय हे तो स्वतः ओळखायचा प्रयत्न करतो.

दुसरं वाक्य पलीकडच्यानं आपली ओळख पटवून द्यावी असं सांगतं. पीपीपीडी जरा अतिच सावध आहे. तो इंटरनेट पुरवणाऱ्याकडूनही पासवर्ड मागतो. ते लोक कशाला देतील? ‘नोऑथ’ हा शब्द त्याच्या सेटिंगमध्ये घातला की मिटलं.

पत्ता मिळाला, पण पान नाही? मग एखाद्या ठाऊक असलेल्या आकडी पत्त्याला ‘पिंग’ करून पाहायचं. आकड्यानं उत्तर येतं आणि नावानं येत नाही, तर नावांचे आकडे करून देणारा सर्व्हर ‘रिझॉल्व्ह’ नावाच्या फाइलमध्ये लिहिलेला नाही. आकड्यानंही येत नसेल आणि कॉम्प्युटरात नेटवर्क कार्ड असेल, तर बाहेर जायची वाट त्या कार्डाकडे आधीच लावलेली असते आणि पीपीपीडी ती बदलत नाही. ती जुनी वाट काढून पुन्हा जोडायचं.

सगळं चालू झाल्यावरही एक गोष्ट उरते, ती म्हणजे फोन ठेवणं. ब्राउझर बंद केला म्हणून कॉल बंद होत नाही. पीपीपीडी मागे चालूच राहतो, मोडेम लाइन धरून बसतं, एक्स्चेंजमध्ये मीटर पुढे जात राही, आणि हे कळे ते बिल आल्यावर. बाहेरच्या मोडेमवर ‘ओएच’ असा दिवा असतो. तो लागलेला म्हणजे फोन उचललेला. बाहेरचं मोडेम नसेल तर ‘पीपीपीडी’ चालू आहे का ते पाहून तो थांबवायचा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘आयडल ३००’ लिहिलं तर पाच मिनिटं काही ये-जा झाली नाही की तो आपणहून फोन ठेवतो. मात्र त्याच फाइलमध्ये कुणी ‘पर्सिस्ट’ लिहिलेलं नाही ना, ते एकदा बघून घ्यावं. तो शब्द असेल तर तुटलेली जोडणी तो पुन्हा पुन्हा लावत बसतो.